फार जुळलेले आकडे

२ ऑगस्ट

लाडक्या मावशीस,

आधी कामाचं बोलते, कारण तू पत्राच्या चार ओळी वाचून चहा ठेवायला उठतेस. मला तुझं रजिस्टर हवंय!

संख्याशास्त्राचं पहिलं वर्ष म्हणजे नुसती नाणी उडवायची आणि फासे टाकायचे, असं मला वाटलं होतं. पण आमच्या बाई भलत्याच निघाल्या. काल म्हणाल्या, "पुस्तकातले आकडे पुरे झाले. कुणाच्या तरी रोजच्या कामातले, शरीराशी संबंध असलेले आकडे आणा आणि ते काय बोलतात ते ऐका." वर्गातल्या अर्ध्या मुली एकमेकींची नाडी मोजत सुटल्यात. एकजण आजोबांच्या रक्तदाबाची वही आणणार आहे. मी मात्र हात वर करून सांगून टाकलं, की माझी मावशी अठ्ठावीस वर्षं लॅबमध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजते, मशीनने नाही, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, आणि तेही प्रत्येकाच्या दोनदा! सगळ्या वर्गाच्या माना माझ्याकडे वळल्या. बाईंचीसुद्धा.

आता तू नाही म्हणालीस तर मी तोंडघशी पडेन. फोनवरच मागणार होते, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस!

तुझा भुंगा

—

७ ऑगस्ट

भुंग्या,

मला न विचारता माझ्या नावाने मिरवून आलीस, वर तोंडघशी पडायची धमकी! ताईची शोभतेस अगदी. तिनेही लहानपणी माझी शाई मला न विचारताच मैत्रिणींना देऊन टाकली होती.

पार्सल सोबत आहे. या झेरॉक्स आहेत, मूळ रजिस्टर इथून हलत नाही. प्रत्येक पानावर नावांवर कागदाची पट्टी ठेवून काढल्यात. कुणाचं रक्त आहे ते कळायची तुला गरज नाही आणि तुझ्या बाईंनाही नाही. मार्चपासूनचे ४१२ जण आहेत, नुसते नंबर.

आता नीट वाच, नाहीतर तिथे काहीबाही सांगशील. रक्त पातळ करून त्याचा थेंब मोजणीच्या काचेवर सोडायचा. काचेवर चौकोन आखलेले असतात. चार कोपऱ्यांतल्या चौकोनांत दिसतील तेवढ्या पांढऱ्या पेशी मोजायच्या. धडधाकट माणसाच्या एकशेतीसच्या आसपास भरतात. मग नवा थेंब घेऊन पुन्हा तेच. दोन्ही आकड्यांची सरासरी काढायची, तिला पन्नासने गुणायचं, झाला रिपोर्ट. सरासरी ऐंशीच्या खाली गेली तर डॉक्टर काही औषधं थांबवतात, म्हणून डोळ्यात तेल घालून मोजावं लागतं.

आणि एक बातमी! वीस सप्टेंबरला बाहेरच्या लोकांकडून आमच्या लॅबची तपासणी आहे. तीत नापास झालो तर हाताने मोजायचं माझं टेबल बंद आणि नमुने बाहेर जाणार. पण आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, "टेबलावर सगळ्यात वर तुमचंच रजिस्टर ठेवायचं. असे आकडे त्यांनी पाहिले नसतील." लघवीच्या टेबलावरचे काका तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीत.

मावशी

—

१६ ऑगस्ट

मावशी,

पार्सल मिळालं, अक्षर किती सुंदर आहे गं तुझं! घाईत आहे, फक्त दोन प्रश्न. दुसऱ्यांदा मोजतेस तेव्हा खरंच नवा थेंब घेतेस ना? की तोच पुन्हा? आणि दोन आकड्यांत कधी पंधरा-वीसचा फरक पडतच नाही का? म्हणजे चुकून एखाद्या वेळी तरी?

सहज विचारतेय.

भुंगा

—

२१ ऑगस्ट

भुंग्या,

कौतुक करायचं तर सरळ करावं, असं आडून आडून कशाला! थेंब दर वेळी नवा. आणि पंधरा-वीसचा फरक? माझ्या रजिस्टरात? मार्चपासून सगळं चाळून बघ, पाचाच्या वर फरक सापडला तर नाव बदलेन. काकांनाही मी हेच सुनावलं.

तुझं पत्र मोठ्या डॉक्टरांना वाचून दाखवलं. "बघा, कॉलेजातही चर्चा आहे," असं म्हणत त्यांनी एका पानाची मोठी झेरॉक्स काढून फ्रेम करून घेतली. आता ती आमच्या व्हरांड्यात लागली आहे, वजनकाट्याच्या वर. नाव झाकलेलं आहे, काळजी नको. मी दिवसातून चारदा उगीचच तिथून जाते.

बाई काय म्हणाल्या ते सविस्तर कळव.

मावशी

—

२६ ऑगस्ट

मावशी,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता पाठवतेच.

समज, रक्त अगदी नीट हलवलंय. तुझ्या नजरेतून एकही पेशी सुटत नाही. तरीसुद्धा एका थेंबात १२० येतील आणि दुसऱ्यात १४१. कारण पेशींना कुणी रांगेत उभं केलेलं नसतं. कुठली पेशी कुठल्या थेंबात शिरेल हा निव्वळ योगायोग! आणि या योगायोगालाही माप आहे, हे कळलं तेव्हा मी वर्गात अक्षरशः टुणकन उडी मारली होती. सरासरी १३० असेल तर तिचं वर्गमूळ काढायचं, साधारण अकरा. प्रत्येक आकडा सहज एवढा वर-खाली होणार. दोन थेंबांतला फरक तर सोळाच्या घरात जातो. पाच किंवा त्याहून कमी फरक चारातल्या एखाद्याच जोडीत पडायला हवा.

तुझ्या ४१२ पैकी ४१२ जोड्यांत पडलाय.

माझा विश्वास बसेना. मी बरणीभर पांढऱ्या मण्यांत, वाटीला साधारण एकशेतीस येतील एवढे लाल मणी कालवले, वाटीवाटीने काढून लाल तेवढे मोजले, परत ओतले, परत हलवले. शंभर वाट्या! आईने हात टेकले, पलंगाखाली अजून मणी सापडताहेत. पन्नास जोड्या झाल्या. त्यातल्या तेरा जोड्यांत फरक पाचाच्या आत होता. तेराच.

मग बाईंनी माझी वही तपासली. त्यावर लाल पेनाने लिहिलंय, "हे आकडे मोजलेले नाहीत, घरी बसून लिहिलेले आहेत." कुणाचे, ते मी अख्ख्या वर्गासमोर सांगून बसले होते. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मावशींना विचार. पण प्रेमाने विचार."

मावशी, तू खरंच मोजतेस ना गं? हे गणित येणारा एकजण जरी तपासणीला आला तर त्याला पहिल्या पानावरच कळेल. ती फ्रेम आधी उतरव.

भुंगा

—

३० ऑगस्ट

चि. भाचीस,

पत्र पोचलं. रजिस्टरातला प्रत्येक आकडा मी मोजलेला आहे. अठ्ठावीस वर्षांत मनचा एकही लिहिलेला नाही. मण्यांच्या वाट्या मोजून रक्त कळत असतं तर आम्ही लॅबवाले इतकी वर्षं काय माश्या मारत होतो का? दोन महिन्यांत बरीच शिंगं फुटली म्हणायची.

झेरॉक्स परत पाठवाव्यात.

तुझ्या आईची धाकटी बहीण

—

१० सप्टेंबर

भुंग्या,

तुझी तिन्ही पोस्टकार्डं मिळाली. तिसऱ्यावर नुसतं "सॉरी पण तरीही" एवढंच होतं. त्या "पण तरीही"ने माझी झोप उडवली.

राग नाकावर होता तो आठ दिवसांनी उतरला. मग मी काकांना म्हणाले, "माझ्या रक्ताची एक नळी काढा. मी वीस थेंब मोजणार. पेशी दिसली की बटण दाबायचं त्या काउंटरच्या आकड्यावर चिकटपट्टी लावा. मी दाबत जाईन, पट्टी उचलून वाचा तुम्ही, आणि मला काही सांगायचं नाही." काका एवढे खूश झाले की स्वतःचं टेबल सोडून तासभर माझ्याजवळ बसले.

शेवटी त्यांनी कागद पुढे ठेवला. १३१, ११८, १४४, १२६, १०९... सगळ्यात खाली १०९ आणि सगळ्यात वर १५१! एकच नळी, एकच हात, एकच डोळा. काका म्हणाले, "बाई, तुम्हीसुद्धा?" मी वर्गमूळ काढलं. तुझं अकरा बरोबर होतं गं.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगते. मी खोटं लिहिलेलं नाही, पण खरं होतं तेवढं सगळंही लिहिलं नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात माझे दोन आकडे आले, १२२ आणि १४०. तेव्हाचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "आकडे जुळत नाहीत म्हणजे लक्ष नाही. जमत नसेल तर सांगा, दुसरी बघतो." मला नोकरीची फार गरज होती. त्या दिवसापासून मी जुळेपर्यंत मोजते. दोन थेंब जुळले नाहीत तर तिसरा घ्यायचा, मग चौथा, कधी सहावासुद्धा. कुठलेही दोन पाचाच्या आत आले की तेवढे रजिस्टरात चढवायचे. बाकीचे आपल्या हाताचा दोष म्हणून सोडून द्यायचे. सगळे पाचला घरी जातात, मी साडेसहाला. ताई म्हणायची, तुला कामाचं वेड आहे. वेड कसलं, मला लाज वाटायची. अठ्ठावीस वर्षं मला वाटत होतं की बाकीच्यांचे आकडे आपोआप जुळतात आणि माझेच तेवढे जुळत नाहीत.

आणि तू म्हणतेस, जुळायला नकोच होते! भुंग्या, मी टेबलावर डोकं ठेवून रडले आणि मग हसले. काकांना वाटलं मला काहीतरी झालं.

पण हसू फार टिकलं नाही. टाकून दिलेले आकडे मी काही फेकलेले नाहीत. प्रत्येक मोजणी आधी कच्च्या पॅडवर लिहायची माझी सवय आहे, तारीख आणि नंबर घालून. त्याच ४१२ जणांची, मार्चपासूनची नऊ पॅडं पाठवतेय. त्यात नंबर १४३ बघ: ११८, १३९, १२९, १२१. रजिस्टरात गेले ११८ आणि १२१. मला एवढंच सांग, माझ्या या जुळवाजुळवीने कुणाचा रिपोर्ट चुकला का? कुणाचं औषध उगीच थांबलं का? टेबल राहो नाहीतर जावो. हे मला वीस तारखेच्या आधी कळलं पाहिजे, आणि गोड करून सांगू नकोस.

मावशी

—

१४ सप्टेंबर

मावशी! मावशी! मावशी!

दोन दिवस मी आणि बाई नुसत्या पॅडांत बुडालोय. बाईंनी बाकीच्या मुलींना सुट्टी देऊन टाकली. सगळ्या पॅडांत मिळून १३५१ मोजण्या आहेत. ४१२ माणसांच्या १३५१!

आधी ऐक. प्रत्येकाचे फक्त पहिले दोन थेंब घेतले आणि किती जोड्यांत फरक पाचाच्या आत आहे ते पाहिलं. मी एकेक मोजत होते, बाई फळ्यावर रेघा ओढत होत्या. शंभर झाल्या तेव्हा मीही उठून उभी राहिले. १०९! चारातली एक म्हणजे १०३, आणि तुझ्या आल्या १०९. बाईंनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "असा पसारा कुणाला मनाने लिहिता येत नाही. या बाईंनी प्रत्येक थेंब मोजलाय, आणि फार चांगला मोजलाय." मग माझी वही मागून घेतली आणि ते लाल अक्षरातलं वाक्य स्वतः खोडलं. कळलं का? जे आकडे तू लाजेने लपवलेस तेच तुझी बाजू घेताहेत!

आता तुझा प्रश्न. गोड करत नाहीये.

जुळलेल्या दोन थेंबांची सरासरी ही कुठल्याही दोन थेंबांच्या सरासरीइतकीच चांगली असते. जुळले म्हणून ते जास्त खरे होत नाहीत. मी तर आधी घाबरले होते, की तू पहिला आकडा धरून बसतेस आणि त्याला जोडीदार मिळेपर्यंत मोजतेस. तसं असतं तर सगळा कारभार पहिल्याच थेंबाच्या हातात गेला असता. पण तू कुठलेही दोन घेतेस, म्हणून वाचलो. म्हणजे तुझी ती रोजची दीड तासांची मेहनत रिपोर्टच्या फारशी उपयोगी पडली नाही, पण तिने मोठं नुकसानही केलं नाही.

मात्र टाकलेले थेंब धरून पुन्हा सरासरी काढली तर तिघेजण ऐंशीच्या रेषेच्या पलीकडे जातात. नंबर ६१, २८७ आणि ३५०. पहिले दोनच थेंब घेतले असते तर असे चारजण निघाले असते, म्हणजे हे तुझं पाप नाही, थेंबांचा स्वभाव आहे. पण ते तिघे आहेत. २८७ बघ: ७४, ९७, ८८, ७८. तू घेतले ७४ आणि ७८, सरासरी ७६, रिपोर्ट ३८००. चारही धरले तर ८४, म्हणजे ४२०० होतात. तिथे औषध थांबलं असू शकेल.

मावशी, मोठ्या डॉक्टरांना हे पटलं नाही तर नुसतं रजिस्टर ठेव आणि गप्प बस, असं सांगावंसं वाटतंय. तुझं टेबल जाईल याची भीती वाटते मला. पण तू गप्प बसणार नाहीस, ते मला माहीत आहे. पॅडं आजच्याच पार्सलने परत पाठवतेय.

तुझा भुंगा

—

२३ सप्टेंबर

माझ्या लाडक्या भुंग्या,

आता बस आणि सावकाश वाच.

पार्सल सतराला मिळालं. त्याच दुपारी तिन्ही नंबरांची नावं काढली आणि ज्यांनी त्यांना पाठवलं होतं त्या डॉक्टरांकडे गेले. ६१ आणि ३५० यांचं रक्त मधल्या काळात पुन्हा तपासून झालं होतं, दोघेही ठीक. २८७ मात्र शिवणकाम करणारी एक बाई निघाली. माझ्या रिपोर्टवरून तिची गोळी थांबवली होती. अकरा आठवडे झाले होते, आणि ती पुन्हा तपासायला आलीच नव्हती. सांध्याचं दुखणं आहे, गोळी नसली की बोटं वळत नाहीत, आणि बोटं वळली नाहीत की मशीन बंद. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा मोजा, मग बघू."

मग मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. त्यांनी पेपरवेट उचलून पॅडांवर ठेवला. मग म्हणाले, "पॅडं घरी ठेवा. रजिस्टर उत्तम आहे, तेवढंच दाखवू." मी म्हणाले, "रजिस्टर उत्तम आहे हाच तर घोटाळा आहे, साहेब." आणि व्हरांड्यातली फ्रेम जाता जाता मीच उतरवली. काकांनी स्टूल धरलं.

वीसला तिघेजण आले. दोघे पुरुष फ्रिजचं तापमान बघत फिरले. तिसऱ्या बाई होत्या, केस पिकलेले. त्यांनी माझं रजिस्टर उघडलं, चार पानं उलटली, बोट आकड्यांवरून खाली नेलं, आणि चष्मा काढला. म्हणाल्या, "हे आकडे..."

"फार जुळतात," मी म्हणाले. "मीच जुळवलेत. ही बघा जुळत नव्हते ते."

नऊच्या नऊ पॅडं टेबलावर ठेवली. तुझा हिशोब ठेवला, १०९ खाली लाल रेघ मारून. तिघांचे नंबर ठेवले आणि २८७ चं काय झालं तेही सांगितलं. मोठे डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. बाईंनी दोन तास पॅडं वाचली, भुंग्या, दोन तास! मधे चहा आला तो तसाच निवला. शेवटी त्यांनी विचारलं, "हे गणित कुणी केलं?" मी म्हणाले, "भाचीने. पहिल्या वर्षाला आहे." त्या म्हणाल्या, "तिला सांगा, मी पंचवीस वर्षं रजिस्टरं तपासतेय, पण कच्ची पॅडं आपणहून पुढे ठेवणारं कुणी भेटलं नव्हतं."

निकाल असा: सहा महिने नजर ठेवणार, दर महिन्याला पॅडांची प्रत मागवणार. टेबल चालू. किती थेंब घ्यायचे ते मोजायच्या आधी ठरवायचं आणि आलेला प्रत्येक आकडा रजिस्टरात चढवायचा, जुळो न जुळो. काकांनी माझ्यासमोर कबूल केलं की तेही जुळवतात. मी म्हणाले, "वाटलंच होतं."

आणि काल ती शिवणकामवाली आली. मी स्वतःच रक्त घेतलं. डॉक्टर म्हणाले, चार थेंब. मी आधीच कागदावर चार रकाने आखले. ती बाई उठून जाईना, माझ्या शेजारी स्टुलावर बसून राहिली. म्हणाली, "या खेपेला मी बघणार." मी म्हणाले, बघा.

पहिला थेंब ९१. लिहिला. दुसरा थेंब ७२. आणि माझा हात थांबला. अठ्ठावीस वर्षांची सवय गं, पेन कागदाला टेकेचना. हा लिहिला आणि पुढचेही असेच आले तर हिची गोळी पुन्हा बंद, माझ्याच हाताने. नाही लिहिला तर मी पुन्हा तीच.

मी ७२ लिहिला.

तिसरा थेंब ९९. चौथा ८३. तिने माझ्या खांद्यावरून वाकून कागद पाहिला आणि विचारलं, "एवढे वेगवेगळे? यातला खरा कुठला?"

मी म्हणाले, "चारही."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "मग गोळी?" सरासरी ८६, रिपोर्ट ४३००. मी म्हणाले, "डॉक्टर आता सांगतीलच, पण माझ्या हिशोबाने आज रात्रीपासून." तिने स्टुलावर बसल्या बसल्या दोन्ही हातांची बोटं हळूच मिटून पाहिली. पुरती मिटली नाहीत. पुन्हा मिटून पाहिली. मला रडू फुटलं, आणि मी काही ते लपवलं नाही.

तुझी मावशी